प्रश्न उद्भवत नाही

विधिमंडळातल्या प्रश्नांचे मराठी वेगळेच असते. ते बोलीतले नाही, ग्रंथातले नाही, आणि कोर्टातलेही पुरते नाही. ‘अमुक गावात तमुक झाल्याचे माहे जूनमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, असल्यास, चौकशीत काय आढळून आले, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ गाव बदलते, महिना बदलतो, साचा तोच राहतो. उत्तरांचाही साचा ठरलेला. ‘हे खरे आहे’ क्वचित. ‘हे खरे नाही’ पुष्कळदा. ‘हे अंशतः खरे आहे’ हे जाणकारांचे आवडते उत्तर, कारण सरकारने नेमका कोणता अंश कबूल केला हे त्यातून शोधून काढावे लागते. आणि पहिल्या कलमाला नकार दिलेला असला की शेवटच्या कलमापुढे छापलेले असते : ‘प्रश्न उद्भवत नाही.’

घुग्घुसच्या रेल्वे फाटकापाशी, कोळशाच्या ट्रकांमागे थांबलेल्या दुचाकीवर बसून हे शेवटचे वाक्य मनात म्हणून पाहावे. चंद्रपूर जिल्ह्यातले, वर्धा नदीकाठचे हे गाव कोळशाचे, सिमेंटचे आणि स्पंज आयर्नचे. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. मुंगोली, निलजई, नायगाव, उकणी या खाणी तिकडच्या वणी तालुक्यात. तिकडून उडून इकडे आलेल्या धुळीवर प्रश्न विचारायचा तर वणीच्या आमदाराने की चंद्रपूरच्या, इथूनच घोळ सुरू होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून देशात चौथे आले. त्या पट्ट्यात घुग्घुस धरलेले होते. एखाद्या यादीत वरचा नंबर लागल्याचे एवढे दुःख जिल्ह्याला आधी कधी झाले नसेल.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आमदारांनी सरकारला विचारलेल्या प्रश्नांचे पुढे काय होते, हा या लेखाचा विषय. या जिल्ह्यांत बोलक्या आमदारांचा तुटवडा कधीच नव्हता. सुधीर मुनगंटीवार, विजय वडेट्टीवार, शोभाताई फडणवीस, राजुऱ्याचे वामनराव चटप ही नावे सभागृह गाजवणाऱ्यांत मोडतात. प्रश्नही कमी पडलेले नाहीत. अडचण दुसरीकडे आहे. ज्याला प्रश्न विचारायचा तो बहुतेक वेळा समोरच्या बाकावर बसलेलाच नसतो.

आधी प्रश्नाचा प्रवास पाहू. आमदाराच्या कार्यालयात एक निवेदन येते, किंवा स्वीय सहायक स्थानिक वर्तमानपत्राचे कात्रण काढून ठेवतो. त्यावरून प्रश्न ‘टाकला’ जातो. तो ‘लागला’ तर बरे. लागलेल्यांतही ज्यावर तारा असतो त्याचे उत्तर मंत्री उभे राहून देतात, म्हणून तारांकित. यादीत तो पहिल्या काहींत असला तरच तासाभरात त्याची पाळी येते, नाहीतर उत्तर छापील स्वरूपात पटलावर जाते आणि विषय तिथेच संपतो. पण गंमत या सगळ्याच्या आधी घडून गेलेली असते. प्रश्न मंत्रालयातल्या विभागाकडे जातो. विभाग जिल्हाधिकाऱ्यांकडे माहिती मागवतो, जिल्हाधिकारी तहसीलदाराकडे, तहसीलदार तलाठ्याकडे किंवा मुख्याधिकाऱ्याकडे. म्हणजे घुग्घुसहून निघालेला प्रश्न मुंबई-नागपूर करून पुन्हा घुग्घुसलाच येतो, आणि ज्याच्या टेबलावरच्या दिरंगाईबद्दल तो विचारलेला आहे, बहुधा त्याच्याच टेबलावर येतो. तो दोन ओळी लिहितो. त्या ओळी त्याच वाटेने वर चढतात, प्रत्येक पायरीवर थोड्या गुळगुळीत होतात, आणि अखेर मंत्र्यांच्या तोंडी ‘हे खरे नाही’ होऊन बाहेर पडतात. आमदाराला तक्रारदाराने सांगितलेले असते ‘भाऊ, मी डोळ्यांनी पाहिलं’, आणि मंत्र्याच्या हातात ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा अहवाल असतो. उपप्रश्न विचारण्याची कला आहे ती इथे. कागदात नसलेली एखादी तारीख, एखादा सर्व्हे नंबर उभ्या उभ्या सांगता आला तरच मंत्री अडखळतात आणि अध्यक्ष प्रश्न ‘राखून ठेवतात’. राखून ठेवलेला प्रश्न ही आमदाराची मोठी कमाई. खात्याला त्यामुळे खरी चौकशी करावी लागते.

आता २६ ऑगस्ट २०२२ ची गोष्ट. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर जमिनीत गेले. खचले, तडे गेले असे नव्हे. अख्खे घर खड्ड्यात गडप झाले. घरातली माणसे आधीच बाहेर पडली म्हणून वाचली. वस्तीखाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडायला लावून दुसरीकडे हलवण्यात आले.

यावर सरकारला प्रश्न विचारायचा तर कोणाला? भूमिगत खाणीतून कोळसा काढल्यावर पोकळी वाळूने भरायची की छत आपोआप बसू द्यायचे, हा निर्णय खाण कंपनीचा. बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झाले, तेव्हापासून ती कंपनी सरकारी आहे, पण मुंबईच्या सरकारची नव्हे. वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे लोकांच्या तोंडातली ‘वेकोलि’. तिचे मुख्यालय नागपूरला, तिच्या मालक कोल इंडियाचे कोलकात्याला, खाण सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या महासंचालनालयाचे धनबादला आणि या सगळ्यांच्या मंत्र्यांचे दिल्लीला. या पत्त्यांत मंत्रालय, मुंबई कुठेच नाही. राज्याकडे उरते ते आपत्ती व्यवस्थापन : घर गेल्यानंतर ताडपत्री, तात्पुरता निवारा, सानुग्रह मदत. नवी जागा देणे हेही राज्याच्या हातात आहे, पण ती जागा ज्या जमिनीवर शोधायची तिच्या खाली काय आहे याचे नकाशे पुन्हा कंपनीकडे. आमदाराला सभागृहात फार तर एवढे विचारता येते की राज्य शासनाने केंद्राकडे पाठपुरावा केला आहे काय. त्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे : ‘होय.’

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत हा तिढा लिहूनच ठेवला आहे. खाणींचे नियमन राज्यसूचीत तेविसाव्या नोंदीत आहे खरे, पण संघसूचीतली चौपन्नावी नोंद त्यावर चढून बसते. संसदेने कायदा करून जेवढे स्वतःकडे घेतले तेवढे राज्याच्या हातून गेले. वीज समवर्ती सूचीत. दारू पूर्णपणे राज्याची. आपल्याकडेच असे आहे असेही नाही. स्कॉटलंडला १९९९ पासून स्वतःची संसद आहे, तिथेही ऊर्जा हा लंडनने आपल्याकडे राखून ठेवलेला विषय, आणि तिथल्या सदस्यांनाही आपल्या मंत्र्यांना ‘लंडनला पत्र लिहिले काय’ एवढेच पुष्कळदा विचारावे लागते.

हा ‘राखीव’ शब्द नागपूरला मात्र शंभर वर्षांपूर्वीपासून पाठ आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ पासून मध्यप्रांतात द्विदल राज्यपद्धती आली. पोलीस, महसूल, तिजोरी ही राखीव खाती गव्हर्नरकडे. शिक्षण, आरोग्य, अबकारी ही सोपीव खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे. चांदा, म्हणजे तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, त्याच प्रांतात. मंत्र्याला प्रश्न विचारावा तर पैसा त्याच्या हातात नाही, आणि ज्याच्या हातात पैसा आहे तो कौन्सिलला जबाबदार नाही. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्ष इथे बहुमताने आला. १९२४ मध्ये त्याने अंदाजपत्रक फेटाळले आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये करून टाकला. प्रश्न विचारण्याच्या पद्धतींत ही मला सर्वांत सरळ वाटते. अर्थात तिचा परिणाम असा झाला की मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि सोपीव खातीही गव्हर्नरकडेच गेली. जशास तसे वागण्याने कारभार हातात येतोच असे नाही, हे नागपूरने तेव्हा पाहिले.

स्वातंत्र्यानंतर विदर्भ महाराष्ट्रात आला तो अटी घालून. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने ठरले की सरकार दरवर्षी ठराविक काळ नागपूरला येईल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तिथे होईल. त्यामागची समजूत साधी होती : उत्तर देणाऱ्याला प्रश्नाच्या जवळ आणून बसवावे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) आले आणि विदर्भ-मराठवाड्यासाठी विकास मंडळांची तरतूद झाली. ती मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडले. अडतीस वर्षे. विलंबाची कारणे काय आहेत, असे या बाबतीत कोणत्या सदस्याने कधी विचारले असेल तर उत्तर वाचायला आवडेल.

मधल्या काळात विदर्भाच्या प्रश्नांना एक शब्द सापडला : अनुशेष. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत राज्याच्या सरासरीच्या मागे कोण किती आहे हे मोजले. एकूण अनुशेष ३,१८६ कोटींचा, त्यात विदर्भाचा १,२४६ कोटींचा. दहा वर्षांनी निर्देशांक आणि अनुशेष समितीने पुन्हा मोजले तर एकूण आकडा १४ हजार कोटींवर गेला आणि विदर्भाचा वाटा साडेसहा हजार कोटींच्या पुढे. इतके दिवस ‘आमच्याकडे दुर्लक्ष होते’ असे म्हणणाऱ्या आमदाराच्या हातात आता रुपयांतला आकडा आला. ‘हे खरे नाही’ म्हणायची सोय गेली. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत विदर्भातल्या लोकप्रतिनिधींच्या हाती आलेले हे सर्वांत उपयोगी हत्यार, आणि ते प्रा. बी. टी. देशमुखांएवढे कुणी वापरले नाही. अमरावतीतून १९८० ते २०१० अशी तीस वर्षे ते विधान परिषदेत होते. अनुशेषाचा आकडा, त्याला दिलेली तरतूद, तरतुदीतला प्रत्यक्ष खर्च आणि दुसरीकडे वळवलेला पैसा हे चार रकाने त्यांनी कधी सोडले नाहीत. सभागृहात दाद लागली नाही तेव्हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, आणि निधीवाटपाबाबतचे राज्यपालांचे निर्देश शासनावर बंधनकारक आहेत हे तिथे ठरले. सभागृहात मिळालेले उत्तर न्यायालयात पुरावा म्हणून वापरायचे, ही जोडणी फार थोड्यांना जमली.

या साऱ्याचा शेवट मात्र रुखरुख लावणारा आहे. २०११ मध्ये नेमलेल्या केळकर समितीने अनुशेषाची जुनी मोजणी मागे टाकून तालुका धरून विचार करावा असे सुचवले; अहवाल २०१३ मध्ये आला, सभागृहात २०१४ च्या डिसेंबरात. त्यावर भाषणे झाली. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला, करोनाच्या गदारोळात, संपली. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा आणण्याचा निर्णय घेतला. हा विषयही मग ‘केंद्राकडे पाठपुरावा’ या रकान्यात गेला.

कोळसा दिल्लीचा, पण दारू तर पूर्णपणे मुंबईची. तिथे तरी प्रश्नाला सरळ उत्तर मिळायला हवे होते. चंद्रपूरच्या दारूबंदीची कहाणी म्हणूनच जरा थांबून पाहण्यासारखी आहे.

शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, वर्ध्यात १९७४ पासून. मधल्या चंद्रपुरात दुकाने चालू. कामगारांच्या वस्त्यांत पगाराच्या दिवशी काय होते हे घुग्घुस, बल्लारपूर, राजुऱ्याच्या बायांना कुणी सांगायला नको होते. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गार या संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत चालत गेल्या. ही पदयात्रा म्हणजे चालत आलेला तारांकित प्रश्नच होता. सरकारने पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समिती नेमणे हे ‘राखून ठेवला’चे मोठे रूप. अहवाल आला आणि पडून राहिला. मुनगंटीवार तेव्हा विरोधी बाकावर होते आणि हा प्रश्न लावून धरत होते. २०१४ मध्ये सरकार बदलले, ते अर्थमंत्री झाले, आणि जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेऊन १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू केली. प्रश्न विचारणारा उत्तर देणाऱ्याच्या खुर्चीत गेला आणि त्याने उत्तर दिले. संसदीय पद्धतीचा याहून नेटका नमुना सांगता येणार नाही.

पुढची सहा वर्षे सभागृहात याच विषयावर उलट बाजूने प्रश्न येत राहिले. किती लिटर अवैध दारू पकडली, किती गुन्हे, किती आरोपी, किती वाहने. हे आकडे दोन्ही बाजूंनी वापरले. बंदीचे समर्थक म्हणत, बघा, पोलीस किती पकडतात. विरोधक म्हणत, बघा, किती येते. तोच तक्ता, दोन अर्थ. घुग्घुसला तर नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा, आणि तिथे बंदी नव्हती. एका जिल्ह्यापुरत्या धोरणाची मर्यादा कळायला तक्त्याची गरज नव्हती. स्त्रियांच्या घरात सहा वर्षांत काय बदलले याचा तक्ता मात्र कुठल्याच उत्तराला जोडलेला नव्हता, कारण तो कोणत्याच खात्याकडे नव्हता. प्रश्न उत्पादन शुल्क खात्याला विचारला की उत्तरात लिटर येणार. महिला व बालविकास खात्याला विचारला असता तर कदाचित दुसरे काही आले असते.

२०१९ मध्ये पुन्हा सरकार बदलले. वडेट्टीवार पालकमंत्री झाले. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांची समिती आली, आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना. बंदी लावताना जशी मंत्रिमंडळाची बैठक पुरली तशीच उठवतानाही. दोन्ही वेळा सभागृहाला निर्णय झाल्यावर कळले. दोन्ही बाजूंच्या चंद्रपूरकर नेत्यांना मी दोष देत नाही; त्यांनी आपापल्या मतदारांना दिलेला शब्द पाळला. पण एक जिल्हा सहा वर्षांत दोनदा उलटा-पालटा झाला आणि या दोन निर्णयांच्या मध्ये जो सविस्तर सामाजिक हिशेब सभागृहासमोर मांडला जायला हवा होता, तो कुणीच कुणाकडून घेतला नाही, हे माझे गाऱ्हाणे आहे.

विजेचा प्रश्न याहून सोपा दिसतो आणि याहून अवघड आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे, राज्यातल्या सरकारी केंद्रांत मोठे. कोळसा इथला, पाणी इरईचे, राख इथल्या मातीत, धूर इथल्या फुप्फुसात. २०१९ मध्ये चंद्रपूर मतदारसंघातून, ज्यात घुग्घुस येते, किशोर जोरगेवार अपक्ष म्हणून निवडून आले ते एका मागणीवर : इथल्या घरगुती ग्राहकांना २०० युनिट वीज मोफत द्या. सभागृहात त्यांनी ती वारंवार मांडली. अपक्ष होते तेव्हा, सरकारला पाठिंबा दिला तेव्हाही. विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, सरकार नाही. ‘हे आयोगाच्या अखत्यारीत आहे’ असे म्हणून हात झटकणे त्यामुळे कोणत्याही ऊर्जामंत्र्याला सोपे. ते अंशतः खरे आहे. उरलेला अंश २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६५ मध्ये आहे : राज्य सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर द्यावी, फक्त तेवढी रक्कम आगाऊ भरावी. शेतीपंपांच्या बाबतीत सरकारने २०२४ मध्ये हेच केले; साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत झाली. म्हणजे कायदा आडवा येत नव्हता, तिजोरी येत होती. तसे सरळ सांगितले असते तर वाद झाला असता, पण प्रामाणिक वाद झाला असता. ज्या जिल्ह्यात वीज तयार होते त्याला काही हक्काची भरपाई असावी का, हा तत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्यावर दोन बाजू संभवतात. कोयनेच्या धरणग्रस्तांनाही तो विचारता आला असता.

खनिजांच्या बाबतीत एक दार २०२४ मध्ये अचानक उघडले, आणि मला वाटते घुग्घुसच्या दृष्टीने यापुढचा सर्वांत मोठा प्रश्न तिथून निघेल. कोळशावरची रॉयल्टी राज्याला मिळते, विक्रीमूल्याच्या १४ टक्के. पण तिचा दर दिल्ली ठरवते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २५ जुलै २०२४ ला आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की रॉयल्टी हा कर नव्हे, आणि खनिज-हक्कांवर स्वतंत्र कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. पुढच्याच महिन्यात तो १ एप्रिल २००५ पासूनच्या व्यवहारांना लागू धरण्याची मुभाही दिली. ‘हे केंद्राच्या अखत्यारीत आहे’ या उत्तराची धार इथे बरीच बोथट झाली आहे. महाराष्ट्र असा कर लावणार काय, लावला तर त्यातला किती भाग खाणीच्या गावात राहणार, हे आता मुंबईलाच विचारता येते.

दुसरा पैसा आधीच जिल्ह्यात आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या खाणपट्ट्यांनी रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातल्या नव्यांनी १० टक्के रक्कम त्यात भरायची, आणि मूळ मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान ६० टक्के पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा गरजांवर खर्च करायची. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात ही रक्कम लहान नसते. इथे पेच असा की या प्रतिष्ठानाच्या नियामक परिषदेत खासदार-आमदारही बसतात. ज्याने खर्चाचा हिशेब विचारायचा तो खर्च मंजूर करणाऱ्यांच्या पंगतीत. आपल्या मतदारसंघातला रस्ता, सभागृह, प्रवेशद्वार त्यातून झाले असेल तर शेजारच्या तालुक्यातल्या प्रवेशद्वाराबद्दल तो कशाला विचारील?

गडचिरोलीचे लोहखनिज हा याच प्रश्नाचा पुढचा अध्याय. एटापल्लीच्या सूरजागड डोंगरावर २००७ मध्ये ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. प्रत्यक्ष खाणकाम सुरू झाले आणि डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथली पाऊणशेच्या आसपास वाहने जाळली. २०२१ पासून ते मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू झाले. त्या डोंगराचा दगड रस्त्याने घुग्घुसच्या कारखान्याकडे येऊ लागला, आणि ‘गडचिरोलीचे खनिज गडचिरोलीतच’ ही मागणी सभागृहात पोहोचली. गडचिरोलीतल्या कोनसरीचा पोलाद प्रकल्प त्या मागणीचे उत्तर म्हणून दाखवला जातो. आलापल्ली-आष्टी रस्त्याची ट्रकांनी केलेली दशा हा दुसरा नेहमीचा विषय. घुग्घुसकरांना यात थोडे अवघडायला होते : आपल्या गावातला रोजगार दुसऱ्याच्या डोंगरावर उभा आहे, आणि तो डोंगर जिथे आहे त्या जिल्ह्याला २००२ च्या राज्य मानव विकास अहवालात सर्वांत खालचा क्रमांक मिळाला होता. तिथेच मेंढा लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देऊन दाखवले की उत्तर मागायला दर वेळी नागपूरला जावे लागत नाही. अर्थात बांबू आणि लोहखनिज यांत फरक आहे. लोहखनिजाला परवाना देणारी ग्रामसभा अजून कुणी पाहिलेली नाही.

बाकीचे विषय हिवाळ्यात येतात तसे येतात. धानाचा बोनस : २०२२ मध्ये हेक्टरी १५ हजार, २०२३ मध्ये २० हजार, दोन हेक्टरपर्यंत. तो मिळतो, कारण तो जाहीर करायचा असतो. जाहीर करता येण्याजोग्या गोष्टींची उत्तरे नागपुरात चटकन मिळतात. गडचिरोलीत नोकऱ्यांतले ओबीसी आरक्षण सहा टक्क्यांवर आले होते, त्यावर दोन दशके प्रश्न, मोर्चे, बंद झाले आणि २०२१ मध्ये ते वाढले. वाघाने माणूस मारला की भरपाई किती, हा प्रश्न तर आता प्रत्येक अधिवेशनाला ठरलेला. रक्कम २५ लाखांपर्यंत गेली आहे.

घुग्घुसचे आणखी एक दुखणे यात मिसळलेले आहे. २०११ च्या जनगणनेत ३२ हजारांवर लोक असलेले हे औद्योगिक शहर २०२० पर्यंत ग्रामपंचायतच होते. नगर परिषदेसाठी लोकांनी ग्रामपंचायत निवडणुकीवर बहिष्कार टाकला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस नगर परिषद झाली. पण पुढची काही वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते, प्रशासक होते. नालीचा, दिव्याचा, कचऱ्याचा प्रश्न विचारायला नगरसेवक नव्हता, म्हणून तोही आमदाराकडे जाई, आणि आमदाराकडून राज्याच्या विधानसभेत. लक्षवेधी सूचना लागावी ती आमराईच्या पुनर्वसनावर, खनिज निधीवर. तिथे अतारांकित यादीत नालीचा गाळ येऊन पडे. राज्यभर महापालिका-जिल्हा परिषदा अशाच रिकाम्या राहिल्या तेव्हा विधिमंडळ ही राज्याची सर्वांत मोठी नगर परिषद झाली.

आणि त्या विधिमंडळाचे नागपुरातले दिवस? २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे अधिवेशन नागपूरला झालेच नाही. २०२३ मध्ये ते ७ ते २० डिसेंबर चालले. २०२४ मध्ये १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे सहा दिवस. त्या वेळी विरोधी पक्षांपैकी एकाकडेही विरोधी पक्षनेतेपदाइतके आमदार नव्हते. मंत्रिमंडळाचा शपथविधी नागपुरातच, अधिवेशनाच्या आदल्या दिवशी झाला. खातेवाटप अधिवेशन संपले त्या रात्री जाहीर झाले. मधले सहा दिवस मंत्री होते, खाती नव्हती. ऊर्जेचा प्रश्न ऊर्जामंत्र्याला, खनिकर्माचा खनिकर्म मंत्र्याला विचारायचा तर समोरच्या बाकावर तीस-चाळीस जण बसलेले, आणि त्यांतला तो कोण हे त्यांनाही ठाऊक नाही. घुग्घुसच्या तलाठ्याचा तो आठवडा तेवढा निवांत गेला असावा.